आक्काची फाइल

"तिथं गेल्यावर तू तोंड उघडायचं न्हाई," मी आक्काला बजावलं. रिक्षा मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत वळत होती.

"आणि डॉक्टरनं 'आ करा' म्हटलं तर?"

"चेष्टा नको, आक्का. पोटात दुखतंय, एवढंच सांगायचं. हेरवाडे डॉक्टरचं नाव काढायचं न्हाई. लिव्हरचं तर अजिबात न्हाई. गोळ्या कुठल्या चालू हाईत विचारलं तर..."

"कुठल्या सांगू?"

"कुठल्याच न्हाईत म्हणायचं."

"दोन वर्षं खातेय की रं."

"त्या घरी. हितं न्हाई."

आक्कानं उजव्या बरगडीखाली हात दाबून धरला. कळ आली की ती असं करायची, आणि कळ लपवायची असली की वर हसायची. "तुझं डोकं म्हणजे नुसतं सरकारी ऑफिस झालंय बघ, सुकू," ती म्हणाली. "सगळी कागदं आत, आणि कुलूप बाहेरनं."

रिक्षावाला आरशातून आमच्याकडं बघत होता. मी त्याला विचारलं, "पेशंट आणून सोडला की तुला काय मिळतं रे दवाखान्याकडनं?"

"भाडं मिळतं, काका."

"ते मी देणार. दवाखाना काय देतो?"

त्यानं आरशातली नजर काढून रस्त्यावर लावली. मला तेवढं पुरलं.

मी वजनकाटे दुरुस्त करायचो. जयसिंगपूरच्या बाजारात माझं दुकान होतं. किराणावाला, भाजीवाला, खतवाला, सराफ, सगळ्यांचे काटे सरकारी शिक्का मारायच्या आधी माझ्या हाताखालून जायचे. माझ्या पिशवीत एक लोखंडी ठोकळा असायचा. त्याच्यावर आकडा नव्हता. त्याचं वजन फक्त मला माहीत. तो काट्यावर ठेवायचा आणि दुकानदाराला म्हणायचं, वाच. प्रामाणिक माणूस वाचतो. चोर आधी विचारतो, "हा किलोचा हाय की दोन किलोचा?" कारण त्याला आकडा जुळवून घ्यायचा असतो. वीस वर्षं हेच केल्यावर माणसंही तशीच तपासायची सवय लागते. कुणाला काही सांगायचं नाही, नुसतं ठेवायचं समोर आणि बघायचं काय वाचतोय.

आक्का म्हणजे पद्मिनी चौगुले, माझी थोरली बहीण, तेव्हा अठ्ठावन्नची. आई गेल्यावर मला तिनं वाढवलं. नवरा लवकर गेला, मूल नाही, तर बाईनं मिरची कांडायचं मशीन टाकलं आणि उन्हाळाभर तोंडाला फडकं बांधून अख्ख्या पेठेची चटणी कुटून दिली. तरुणपणी गर्भाशय काढताना तिला रक्त चढवलं होतं. त्या रक्तातून कसली कावीळ अंगात शिरली आणि वीस-पंचवीस वर्षं आत बसून तिनं लिव्हर खाल्लं. हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. दारूच्या बाटलीला हात न लावलेल्या बाईचं लिव्हर दारुड्यासारखं कडक झालं होतं.

गावचे हेरवाडे डॉक्टर तिला बघायचे. त्यांनीच सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दाखवले आणि म्हणाले, "खडे आहेत, असू द्या. यांच्या लिव्हरला ऑपरेशन झेपेल का, ते आधी बघावं लागेल. मला विचारल्याशिवाय कुणालाही पोटाला हात लावू देऊ नका." फाइलच्या पहिल्या पानावर त्यांनी हे लाल शाईनं लिहिलंसुद्धा.

मला ते लाल अक्षर बघूनच राग आला होता. दर महिन्याला बोलावणार. रक्त तपासायचं तर त्यांच्याच ओळखीच्या लॅबमध्ये. आणि वर दुसऱ्या कुणाकडं जायचं नाही! बांधून ठेवलेलं गिऱ्हाईक, दुसरं काय? इकडं आक्काला दोन महिन्यांत तीनदा कळ आली. तिसऱ्या वेळी ती कांडपाच्या दाराशी वाकून बसली ती उठेना. हेरवाडे लेकीकडं गेलेले, आठ दिवसांनी येणार. कंपाउंडर म्हणाला, थांबा. मी म्हणालो, तुझी आई असती तर थांबला असतास काय?

दुसऱ्या डॉक्टरला पहिल्याचं मत सांगितलं की तो तेच सांगतो, नाहीतर मुद्दाम उलटं सांगतो. दोन्ही खोटं. म्हणून मी आक्काची फाइल दुकानाच्या कपाटात ठेवली, कुलूप घातलं, आणि आक्काला कोरी घेऊन मिरजेला आलो.

सर्जन नलवडे पस्तिशीचे, गुळगुळीत दाढीचे, बोलायला गोड. त्यांनी आक्काच्या पोटावर हात ठेवला, सोनोग्राफी करून आणायला लावली, रक्त घ्यायला लावलं. दुपारी सगळे कागद त्यांच्यासमोर.

"खडे भरपूर आहेत," ते म्हणाले. "लिव्हर जरा खरबरीत वाटतंय, असं लिहिलंय इथं. दारू वगैरे?"

"डॉक्टर, मी कांदासुद्धा खात न्हाई," आक्का म्हणाली.

ते हसले. मीही हसलो.

"आणि प्लेटलेट कमी दिसतात. ब्याऐंशी हजार. मध्ये ताप येऊन गेला का?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. ताप आला नव्हता. प्लेटलेट कशानं कमी असतात हे हेरवाडेंनी मला दोनदा समजावलं होतं. लिव्हर कडक झालं की पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगते आणि त्या कणांना धरून ठेवते. मला ते पाठ होतं.

"आला होता," मी म्हणालो. "पंधरा दिवस झाले. आमच्याकडं डेंगीची साथच हाय."

"मग तेच," नलवडे म्हणाले. "काही काळजी करू नका. दुर्बिणीतून करू. तीन-चार छोटी छिद्रं. परवा सकाळी ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी."

आम्ही बाहेर आलो तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटत होतं. एक म्हणतो हात लावू नका, दुसरा म्हणतो तिसऱ्या दिवशी घरी. दोघांतला एक चोर होता आणि तो हेरवाडे ठरला. पण पायऱ्या उतरताना वाटलं, एवढं सोपं कसं? हा एवढा घाईत का? म्हणून मी वॉर्डात जाऊन चार पेशंटच्या नातेवाइकांना गाठलं. तुम्हाला कुणी पाठवलं, किती दिवस झाले, पोटातून काढलेला खडा दाखवला का तुम्हाला? एका बाईनं बरणीतले खडे काढून दाखवले. शेंगदाण्याएवढे. मी ते हातात घेऊन खरे आहेत का बघितले.

"दादा, विकत घेताय काय?" ती बाई म्हणाली.

खोटा ताप मीच सांगितला होता, हे मला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आक्काला दाखल केलं. दुपारी चारच्या सुमारास भुलीच्या डॉक्टर आल्या. मुल्लाणी मॅडम. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी कागद चाळले आणि बाजूला ठेवले. मग आक्काचा हात हातात घेतला आणि तळवा उलटा-सुलटा करून बघितला.

"पंजे असे लाल कधीपासून आहेत, मावशी?"

"मिरचीत हात असतात की माझे."

"मिरची अशी फक्त कडेला लागत नाही." त्यांनी आक्काच्या गळ्याखालचा पदर जरासा सारला. तिथं कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल रेषांचे ठिपके होते. मी ते कधी बघितले नव्हते, आपण बहिणीच्या गळ्याखाली कशाला बघतोय. मग मॅडमनी सकाळी जिथून रक्त घेतलं होतं तिथला कापूस उचलला. तो अजून ओला होता.

"याआधी कुणाला दाखवलं होतं?"

"कुणालाच न्हाई," मी म्हणालो.

"मी मावशींना विचारलं."

"तिला आठवत न्हाई नीट. मीच बघतो सगळं."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. ती नजर मला माहीत होती. मी स्वतः ती दुकानदारांवर टाकायचो.

"खाली मेडिकलमधून चिकटपट्टी घेऊन या," त्या म्हणाल्या. "रुंदवाली."

मी खाली गेलो. जिन्यातच माझ्या डोक्यात किडा वळवळला. दवाखान्यात चिकटपट्टी नाही? मला बाहेर घालवलं हिनं. काहीतरी शिजतंय. आता येऊन म्हणतील, केस अवघड आहे, अमुक मशीन लागेल, तमुक इंजेक्शन लागेल. हीच पद्धत असते यांची. आधी सोपं सांगायचं, माणूस गादीवर झोपला की अवघड करायचं.

वर आलो तर खोलीचं दार बंद. बाहेर सिस्टर उभी.

"थांबा जरा. मॅडम पेशंटशी बोलताहेत."

"माझी बहीण हाय ती."

"हो, पण थांबा."

"आत काय चाललंय ते मला कळायला पाहिजे का नको? अंगठे घ्यायला लागलाय काय कोऱ्या कागदावर? उघड दार!"

सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. खड्यांची बरणीवाली बाईसुद्धा उठून बसली. मी दारावर थाप मारली. पाचेक मिनिटांनी दार उघडलं आणि मॅडम बाहेर आल्या. तेवढ्यात नलवडेही वरच्या मजल्यावरून धावत आले, कुणीतरी फोन केला असणार.

"उद्याचं ऑपरेशन रद्द," मॅडम त्यांना म्हणाल्या.

"बघा!" मी ओरडलो. "मला माहीतच होतं. आता काय पाहिजे तुम्हाला? किती पाहिजे ते तरी स्पष्ट बोला."

"फाइल पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

दारावरचा माझा हात खाली आला.

"दोन वर्षांची फाइल. हेरवाडे सरांची. लाल शाईतलं पान असलेली. तुमच्या दुकानात आहे, असं मावशी म्हणाल्या."

नलवडेंनी माझ्याकडं बघितलं, मग मॅडमकडं. "काय आहे त्यांना?"

"सिऱ्हॉसिस. आणि तुम्ही त्याला डेंगी समजलात, सर."

नलवडेंचं तोंड उतरलं. त्यांच्या हातात माझ्या बहिणीचा रिपोर्ट होता, त्यावर लिव्हर खरबरीत असल्याचं छापलं होतं, प्लेटलेट छापले होते, आणि त्यांनी एक विनोद ऐकून तो कागद पलटला होता. मला त्यांचा राग आला, तो आजही आहे. मी तिथंच म्हणालो, "बघा, ह्यांना वाचता आलं न्हाई! म्हणूनच मी लपवलं. बघायचं होतं मला, न सांगता ओळखतात का ते."

"म्हणजे परीक्षा घेत होता?" मॅडमनी विचारलं.

"व्हय. माझा धंदाच हाय तो. काट्याला वजन आधी सांगायचं नसतं."

"दादा, हेरवाडे सरांचं मत तुम्ही लपवलं असतंत तर मी समजू शकले असते. दोन डॉक्टरांची मतं स्वतंत्र पाहिजेत, ठीक आहे. पण तुम्ही मत नाही लपवलंत. तुम्ही आजार लपवलात. आणि ताप आला म्हणून खोटं सांगितलंत. तुमच्या काट्यावर तुम्ही अर्धा ठोकळा ठेवता का?"

राग इतका होता की तो कुणावर काढावा तेच कळेना. मग मी आत शिरलो आणि तो आक्कावर काढला.

"तुला सांगितलं होतं ना, बोलायचं न्हाई? का सांगितलंस?"

आक्का उशीला टेकून बसली होती. "तिनं विचारलं," ती म्हणाली.

"कुणी काय पण विचारील!"

"कोण विचारतंय, सुकू? हेरवाडे तुझ्याशी बोलतो, हा नलवडे तुझ्याशी बोलतो. तुम्ही दोघं-तिघं माझ्या पोटावरनं भांडता, आणि मी मधी पाटावर बसवलेल्या गौरीसारखी गप. आज पहिल्यांदा एका बाईनं मला विचारलं, तुम्हाला काय होतंय, तुम्हाला काय माहीत हाय. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. तुझं बी सांगितलं."

मी मोटरसायकल कुणाची तरी मागून घेतली आणि जयसिंगपूरला जाऊन फाइल घेऊन आलो. जाऊन येऊन तास गेला असेल. वाटेत दोनदा मनात आलं की हे सगळे आतून एक आहेत, हेरवाडेचा फोन आला असणार यांना. सवय अशी सुटत नाही.

परत आलो तेव्हा मॅडम आणि नलवडे आक्काच्या खाटेशी स्टुलावर बसले होते. मी फाइल दिली. मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही आणि बसाही म्हटलं नाही. मी खिडकीला टेकून उभा राहिलो.

मॅडमनी फाइल पहिल्या पानापासून वाचली. मग आक्काला म्हणाल्या, "मावशी, आता नीट ऐका. मधे काही वाटलं तर विचारा."

"आधी हे सांग. काढलं तर काय, आणि न्हाई काढलं तर काय?"

"काढलं तर. तुमचं लिव्हर कडक झालंय. रक्त गोठवायचं सामान लिव्हर तयार करतं, ते तुमच्यात कमी पडतं. पित्ताशय लिव्हरला चिकटूनच असतं आणि तिथल्या शिरा तुमच्या फुगलेल्या असू शकतात. म्हणजे रक्त जास्त जाऊ शकतं, थांबवणं अवघड जातं. आणि ऑपरेशनचा ताण लिव्हरला सोसला नाही तर नंतर पोटात पाणी भरतं, कावीळ होते, कधी लिव्हर पूर्ण हात टेकतं."

"आणि न काढता तसंच ठेवलं तर?"

"नुसते खडे असते आणि काही त्रास नसता तर मीही म्हणाले असते, राहू द्या. हेरवाडे सर तेच म्हणाले होते आणि त्या वेळी ते बरोबर होतं. पण आता दोन महिन्यांत तीनदा कळ आली. पित्ताशयात पू झाला किंवा खडा नळीत अडकला तर धावपळीत ऑपरेशन करावं लागेल. तेव्हा धोका आजच्यापेक्षा कितीतरी पट वाढेल. आज तुमचं लिव्हर अजून त्याचं काम करतंय. दोन वर्षांनी करेल की नाही, माहीत नाही."

"शंभरातल्या किती मरतात?" आक्कानं विचारलं. मटकी किती भिजत घातली असं विचारावं तसं.

मॅडमनी फाइल मिटली. "तुमच्यासारखं लिव्हर अजून टिकून असलेल्या शंभर बायकांचं, सगळी तयारी ठेवून केलं, तर दहा-पंधरा जणींना काही ना काही त्रास होईल. एखादी जाईल. नेमका आकडा कुणी छातीवर हात ठेवून सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

"आणि हितं, उद्या, तुम्हाला कुणाला काय माहीत नसताना झालं असतं तर?"

मॅडमनी नलवडेंकडं बघितलं. नलवडे खाली बघत म्हणाले, "इथं रक्तपेढी नाही. मी पोट बघून थांबलो असतो किंवा... चूक माझीही आहे, मावशी. मी दुसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं."

इतक्या वर्षांत डॉक्टरच्या तोंडून मी हे एकदाच ऐकलं. आणि माझ्या डोक्यात काय आलं? हा कोर्टकेसला भितोय.

"मग मी काढून घेते," आक्का म्हणाली. "पण हितं न्हाई."

"पुण्याला जा," मॅडम म्हणाल्या. "लिव्हरचे डॉक्टर, रक्त, प्लेटलेट, सगळं एका छताखाली असेल तिथं. मी पत्र देते."

"आक्का, एवढी घाई नको," मी म्हणालो. "आपण अजून एकाला विचारू. कोल्हापुरात माझा एक..."

"सुकू," आक्का म्हणाली, "कांडपात मिरची टाकल्यावर तू येऊन म्हणतोस, जरा थांब, अजून वाळव. तेव्हा मी ऐकते का तुझं?"

"न्हाई."

"मग?"

दोन दिवसांनी सकाळच्या एसटीनं आम्ही पुण्याला निघालो. मुल्लाणी मॅडमनी पाकीट चिकटवून दिलं होतं. आक्काला खिडकीशी डोळा लागला. कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी बारीक पेचकस घातला आणि पाकीट उघडलं. आत दोन कागद. एक इंग्रजीत, आकड्यांचा. दुसऱ्यावर मराठीत आक्काच्या गोळ्यांची यादी, कुठली कधी बंद करायची ते, कशाची ॲलर्जी आहे ते. आणि त्याच्याखाली:

"पेशंट पूर्ण समजदार आहेत. आजाराची माहिती त्यांच्याकडूनच घ्यावी, निर्णयही त्यांच्याशीच बोलून घ्यावेत. सोबतच्या भावाने आधी महत्त्वाची माहिती लपवली आहे व खोटी दिली आहे. त्यांच्या सांगण्यावर विसंबू नये. (दादा, पाकीट तुम्ही उघडणार, म्हणून हे मराठीत.)"

माझे कान तापले. मी ते तीनदा वाचलं. ही बाई मला कोण समजते? आई गेल्यावर ज्या बहिणीनं मला सांभाळलं तिचं मी वाईट करीन? मी तो कागद फाडणार होतो. पण फाडला तर गोळ्यांची यादी जाणार. मग मी खिशातून पेन काढलं. यादी दुसऱ्या कागदावर उतरवून काढायची, खालचं सोडून द्यायचं. कोण विचारणार होतं? पहिलं औषध लिहिलं. दुसरं लिहिलं. तिसऱ्याचं नाव मला लागेना, ते किती मिलिग्रॅम तेही अक्षरात नीट दिसेना. पाच आहे की पन्नास? मी कागद उजेडाला धरला. पाच वाटत होतं. पन्नासही वाटत होतं.

"काय लिहायला लागलास?" आक्कानं डोळे न उघडताच विचारलं.

"काय न्हाई."

मी माझा कागद चुरगाळून खिडकीबाहेर टाकला आणि मॅडमचा पाकिटात घातला. पाकीट चिकटवायला डिंक नव्हता. तसंच उघडं ठेवलं.

पुण्यातल्या डॉक्टरांनी दोन्ही कागद वाचले. वाचता वाचता त्यांची नजर खालच्या ओळींवर आली, आणि तिथून वर माझ्यावर.

"तुम्ही यांचे भाऊ?"

"व्हय."

"जरा बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. पुढचे सहा दिवस मी बाहेरच बसलो. तपासण्या झाल्या, घशातून दुर्बीण घातली, रक्त जमवलं. मला कळायचं ते आक्का जेवढं सांगेल तेवढं. ती कधी सांगायची, कधी म्हणायची, "दमलेय, उद्या सांगते." मी रात्रंदिवस अंदाज बांधायचो. सिस्टरच्या चेहऱ्यावरून, ट्रेवरच्या बाटल्यांवरून. बाहेर बसलेल्या माणसाला सगळंच संशयास्पद दिसतं.

ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं. दुपारी एकला डॉक्टर बाहेर आले.

"पित्ताशय निघालं. रक्त अपेक्षेपेक्षा जास्त गेलं, थांबवलं. आता लिव्हरनं ताण सोसला की नाही ते बघायचं. नाही सोसला तर माणूस शुद्धीवर येतो, पण बरळतो, ओळख पटत नाही. त्या कशा बोलतात त्यावरून आपल्याला कळेल."

"मी आत जाऊ? मला बघून ती..."

"नाही. त्यांना विचारल्याशिवाय नाही."

मी बाकावर बसलो. चार वाजले. साडेचार. दार अर्धवट उघडं होतं, आतला हिरवा पडदा दिसत होता, माणूस दिसत नव्हता. पावणेपाचला सिस्टरचा आवाज आला, मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसा.

"मावशी! मावशी, नाव काय तुमचं?"

काही नाही.

"मावशी, कुठं आहात आपण? बाहेर तुमचे भाऊ बसलेत. ओळखता ना? पाठवू आत?"

बराच वेळ काही नाही. मी उठून दारापर्यंत गेलो. पडद्याला हात लावला नाही.

मग आतून आक्काचा आवाज आला. घसा खरवडलेला, पण एकेक शब्द जागच्या जागी.

"सुकुमार हाय तो. बसू दे अजून जरा."

सिस्टर हसली. मी मागं फिरलो आणि बाकावर जाऊन बसलो.